श्रीलंका, जानेवारी, 9 रात्री: आई आणि लेक बरोबर आहेत, प्लॅन आणि बॅग दोन्ही बघून सांगाल का?

चिंचोका

नमस्कार मंडळी. किती वर्षं घोकत होतो ते श्रीलंकेचं शेवटी ठरलं, विमानाची तिकिटं काढून झाली, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय आणि हातात 9 रात्री आहेत. आम्ही चौघं, मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि माझी आई. आई 67 ची आहे, तब्येत चांगली आहे पण डावा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर आरामात चालेल, जिने मात्र कठडा धरून एकेक पायरी. आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

नकाशात देश एवढासा दिसतो म्हणून मी सगळंच घेतलंय: नेगोंबो 1 रात्र, सिगिरिया 1, त्रिंकोमाली 1, कँडी 1, नुवारा एलिया 1, एल्ला 1, याला नॅशनल पार्क 1, मिरिस्सा 1, गॉल 1 आणि दहाव्या दिवशी थेट एअरपोर्ट. नवरा म्हणतोय फार होतंय, पण काय सोडू तेच कळत नाहीये, प्रत्येक ठिकाणाबद्दल इतकं वाचलंय की सगळंच हवंहवंसं वाटतं.

दुसरं म्हणजे बॅगा. आत्ता पलंगावर कपड्यांचा ढीग आहे, समुद्राचं डोक्यात ठेवून सगळे बिनबाहीचे पातळ कपडे, शॉर्ट्स, लेकीचे दोन स्विमसूट, तीन टोप्या, आईच्या साड्या, आणि हे सगळं दोन मोठ्या कडक सुटकेसमध्ये. नुवारा एलियाला थंडी असते म्हणतात, ती खरंच स्वेटर लागण्याइतकी असते का? देवळांत काय घालायचं? डास, औषधं, मुलीला बोट लागली तर काय, आईच्या जेवणाचं काय? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया हात राखून न ठेवता सांगा.

पायवाट22

ताई, आम्ही दोनदा जाऊन आलोय, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीतच, त्यामुळे तुमचा प्लॅन बघून लगेच लिहायला बसलो.

सगळ्यात आधी त्रिंकोमाली काढा. श्रीलंकेत पावसाळा एक नाही, दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस पश्चिम-दक्षिण किनारा आणि डोंगराला भिजवतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस पूर्व आणि उत्तर बाजूला असतो. म्हणजे जानेवारीत मिरिस्सा, उनावटुना, गॉल इकडे समुद्र शांत, आकाश निळं, आणि त्याच दिवशी त्रिंकोमालीला समुद्र खवळलेला. आम्ही जानेवारीत हट्टाने गेलो होतो, पिजन आयलंडला जायचं, प्रवाळ बघायचे, लेकाला मास्क लावून पाण्यात उतरवायचं असं सगळं ठरवून. किनाऱ्यावर होड्या उलट्या करून ठेवलेल्या, लाटा भिंतीसारख्या येत होत्या, आणि दोन दिवस खोलीच्या खिडकीतून पाऊस बघितला. तेच त्रिंकोमाली ऑगस्टमध्ये काचेसारखं असतं. देश छोटा आहे म्हणून हवा एकच असेल असं इथे धरून चालूच नका, आणि तुमची बॅगसुद्धा ह्याच हिशोबाने भरायला लागेल.

दुसरं, अंतर किलोमीटरमध्ये बघू नका, तासांत बघा. कोलंबो ते कँडी जेमतेम 115 किलोमीटर आहे पण साडेतीन तास सहज जातात, कारण रस्ता गावागावातून जातो, ट्रक असतात, शाळा सुटलेल्या असतात. एअरपोर्ट ते सिगिरिया साधारण 150 किलोमीटर, चार तास धरा. सिगिरिया ते कँडी तीन तास. एल्ला ते मिरिस्सा चार तास. वेगाने जाता येतं ते मुख्यतः दक्षिणेच्या एक्सप्रेसवेवर, तिकडून परत येताना मिरिस्सा ते एअरपोर्ट तीन तासांत होतं. आता तुमच्या प्लॅनमध्ये रोज सकाळी बॅग भरायची, तीन-चार तास गाडी, दुपारी नवीन खोली, असं नऊ वेळा आहे. आईंच्या गुडघ्याला जिन्यापेक्षा हे गाडीत पाय दुमडून बसणं जास्त नडेल, माझ्या सासऱ्यांचं तेच झालं होतं.

मी असं करीन: नेगोंबो 1 (विमान उशिरा उतरत असेल तरच, एअरपोर्ट कटुनायकेला आहे आणि नेगोंबो तिथून अगदी जवळ, कोलंबोत शिरायची गरजच नाही), सिगिरिया भागात 2, कँडी 2, एल्ला 2, दक्षिण किनारा 2. नुवारा एलियाला रात्र न काढता वाटेत थांबता येईल. गॉलला वेगळी खोली नको, मिरिस्सा किंवा उनावटुनाहून संध्याकाळी जाऊन या. तो किल्ला संध्याकाळचाच बघायचा, पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी वाढवलेला, तटावरून समुद्राच्या कडेकडेने सपाट चालता येतं, ऊन उतरलेलं असतं, गावातली मुलं पतंग उडवत असतात. आईंना फार आवडेल.

आणि सिगिरियाबद्दल स्पष्ट सांगतो, 1,200 च्या आसपास पायऱ्या आहेत आणि वरच्या टप्प्याला लोखंडी जिना कड्याला लटकवलेला आहे, आईंना नेऊ नका. तुम्ही तिघं सकाळी उघडताक्षणी चढा, नऊनंतर खडक तापतो आणि भित्तिचित्रांच्या गोल जिन्यावर रांग लागते. पाचव्या शतकात कश्यप राजाने एवढ्या उंचीवर राजवाडा का बांधला असेल ते वर पोचल्यावरच कळतं. आई खाली पाण्याच्या बागांत फिरू शकतात, सगळं सपाट आहे आणि बसायला सावली आहे. त्यांचा खास दिवस पोलोन्नारुवाला ठेवा, तिथे गाडी एकेका अवशेषापाशी जाते, चालणं थोडं थोडं. गल विहारला एका अखंड खडकात कोरलेले बुद्ध आहेत, निजलेली मूर्ती जवळजवळ 14 मीटर लांब आहे आणि डोक्याखालच्या दगडी उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलाय असं कोरलंय. मी ती उशी बघत किती वेळ उभा होतो मला आठवत नाही.

पासपोर्ट रोज जवळ ठेवा, सार्क देशांच्या पासपोर्टवर सिगिरियासारख्या ठिकाणी तिकीट कमी पडतं आणि खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवायला लागू शकतो. ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाईन परवानगी, ती सरकारी साईटवरूनच काढा, शोधलं की आधी मधल्या एजंटांच्याच साईट वर येतात आणि त्या जास्तीचे पैसे घेतात. नियम आणि फी बदलत असतात म्हणून निघायच्या आठवड्यात परत एकदा बघून घ्या.

नीलमोहर

मी फक्त बॅगेबद्दल लिहिते कारण मार्गाचं वर छान सांगितलंय.

चिंचोका, पलंगावरच्या ढिगातले निम्मे कपडे परत कपाटात ठेवा, आणि तुम्ही जे घेतलं नाहीये ते घ्या. तुमचा ढीग सगळा किनाऱ्याचा आहे आणि नऊ दिवसांतले किनाऱ्याचे दिवस दोनच आहेत! बाकीचे दिवस देवळं, डोंगर आणि गाडी.

थंडी खरी आहे. नुवारा एलिया 1,800 मीटरच्या वर आहे, जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो, कधी पहाटे गवतावर दव गोठलेलं असतं. बऱ्याच जुन्या गेस्टहाऊसमध्ये हीटर नसतो, नुसती जाड पांघरुणं. एल्ला त्यापेक्षा खाली आहे, तिथे संध्याकाळी हलकं जॅकेट पुरतं. प्रत्येकाला एक पातळ फ्लीस आणि वरून एक वाऱ्यापावसाचं जॅकेट, असे दोन थर घ्या, एका जाड स्वेटरपेक्षा हे बरं कारण धुक्यात स्वेटर ओला झाला की दोन दिवस वाळत नाही. आईंना पायमोजे आणि कानाला बांधायला स्कार्फ.

देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईमाणूस असो की पुरुष, शॉर्ट्स असतील तर दारातच अडवतात. फिकट रंगाचे, जमलं तर पांढरे कपडे घाला, तिथली माणसं दर्शनाला पांढऱ्यातच येतात आणि आपणही तसे गेलो की आत वावरायला बरं वाटतं. आईंच्या साड्या एकदम योग्य आहेत, सुती आणि हलक्या घ्या. बुद्धाचं चित्र असलेला टीशर्ट, पिशवी, काहीही नेऊ नका, अंगावर तसा टॅटू असेल तर झाका, बुद्धाच्या टॅटूवरून पर्यटकाला देशाबाहेर पाठवल्याचं झालेलं आहे. आणि फोटो काढताना मूर्तीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे लेकीला आधीच समजावून सांगा, मुलं पटकन वळून पोज देतात.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. चपला बाहेर काढायच्या आणि आतलं अंगण उघडं, दगडी. अनुराधापुरला रुवनवेलिसायाला आम्ही दुपारी साडेबाराला पोचलो, ऊन डोक्यावर, स्तूप इतका पांढरा की डोळे उघडवेनात, आणि दगड असा तापलेला की माझी भाची दहा पावलं चालून रडायलाच लागली, तिला उचलून घेतलं तर मलाच उभं राहवेना. शेजारी एक आजी शांतपणे प्रदक्षिणा घालत होत्या, पायात जाड पांढरे मोजे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीतून दुसरी एक जोडी काढली आणि भाचीच्या पायात स्वतः वाकून घातली, मोजे गुडघ्यापर्यंत येतील एवढे मोठे होते तरी ती ते घालून पळत सुटली. परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येकी दोन जोड्या जाड, जुने सुती मोजे मी खांद्याच्या पिशवीतच ठेवते. दांबुल्ला, पोलोन्नारुवा, सगळीकडे लागतील. दांबुल्लाला गुहांपर्यंत चढ आहे हेही लक्षात ठेवा, आईंना जमेल पण सावकाश, आणि माकडं असतात तेव्हा हातात खाऊची पिशवी नको.

कडक सुटकेस नकोत. गाड्या छोट्या असतात, गेस्टहाऊसला लिफ्ट नसते, एल्लाला तर बरीच गेस्टहाऊस रस्त्यावरून पायऱ्या चढून वर आहेत. दोन मऊ डफल आणि प्रत्येकाच्या पाठीवर छोटी सॅक. मी ठिकाणाप्रमाणे कपड्यांच्या पिशव्या करते, डोंगराची एक, किनाऱ्याची एक, म्हणजे रोज सगळी बॅग उपसावी लागत नाही. माणशी पाच जोड बास, धुऊन देतात जवळजवळ सगळीकडे, फक्त धुवायला सिगिरिया किंवा किनाऱ्यावर द्या, डोंगरात देऊ नका, वाळत नाहीत आणि दमट कपडे बॅगेत गेले की सगळ्याला वास लागतो.

किनाऱ्यासाठी लेकीला दोन स्विमसूटऐवजी एक पूर्ण बाह्यांचा घ्या, विषुववृत्त जवळ आहे, ढगाळ असलं तरी खांदे भाजतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचं, ते प्रवाळाला कमी त्रासाचं, हिक्कडुवा आणि पोल्हेनाला अगदी कमरेएवढ्या पाण्यात प्रवाळ आहेत. पोल्हेना मिरिस्साहून जवळ आहे, बाहेर खडकांची रांग असल्याने आत पाणी तळ्यासारखं असतं, लेकीला तिथे न्या. बाकी किनाऱ्यांवर लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका, ओढ फार वाईट असते.

अजून: छत्री, टॉर्च, चेनच्या प्लास्टिक पिशव्या फोन-पासपोर्टसाठी, मल्टीप्लग अडॅप्टर (तिथे गोल पिनांची आणि चौकोनी तीन पिनांची, दोन्ही सॉकेट सापडतात, एकाच खोलीतसुद्धा). पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. कॅमेरा असेल तर एसी खोलीतून बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या, लेन्सवर लगेच वाफ धरते.

चिंचोका

तुम्हा दोघांचेही खूप खूप आभार, आजींच्या मोज्यांचं आईला वाचून दाखवलं, तिने उठून लगेच मोजे काढून ठेवले. त्रिंकोमाली काढलं. नुवारा एलियाची रात्रही काढली पण मग ट्रेनचं काय करायचं ते कळेना, सगळे कँडी ते एल्ला ट्रेन म्हणतात, ती सात तासांची आहे, आईला आणि लेकीला एवढं बसवेल का? आणि तिकिटं कधी काढायची? आईच्या जेवणाबद्दलही कोणीतरी सांगा, मला त्याचीच जास्त काळजी आहे.

डबा_नंबर_पाच

ट्रेनचं मी सांगतो, ह्या लाईनवरून मी चार वेळा गेलोय.

कँडीपासून सगळी करू नका. नानु ओया ते एल्ला एवढाच तुकडा घ्या, तीन तासांच्या आसपास, आणि सुंदर भाग बराचसा त्यातच येतो. नानु ओया हे नुवारा एलियाचं स्टेशन, गावापासून आठेक किलोमीटर. सकाळी कँडीहून गाडीने निघा, वाटेत चहाचे मळे, एखादी फॅक्टरी बघा (चहाचा पहिला व्यावसायिक मळा 1867 मध्ये ह्याच कँडीच्या डोंगरात लूलकंदुराला लागला), नानु ओयाला ड्रायव्हर तुम्हाला सोडेल आणि बॅगा घेऊन रस्त्याने एल्लाला पुढे जाईल. ही पद्धत तिथे सगळ्या ड्रायव्हरना माहीत आहे. बॅगा ट्रेनमध्ये चढवायच्या भानगडीत पडू नका, फलाट खाली आणि डब्याची पायरी उंच आहे, गाडी दोन मिनिटं थांबते, आईंना चढवायला तुमचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

रिझर्व्ह सीट साधारण 30 दिवस आधी उघडतात आणि सुट्टीच्या दिवसांत बघता बघता संपतात, तारीख मोजून ठेवा आणि उघडल्या दिवशीच काढा. आई बरोबर असताना बिनरिझर्व्हेशनचं धाडस नको, त्या डब्यात कधी तीन तास दारापाशी उभं राहायला लागतं. सेकंड क्लास रिझर्व्ह उत्तम, खिडक्या उघडतात. फर्स्टच्या एसी डब्यात काचा बंद असतात, धुक्याचा आणि निलगिरीचा वास येत नाही, आणि माझ्या मते त्या प्रवासातली निम्मी मजा त्या वासात आहे.

पट्टिपोला लक्षात ठेवा, लाईनवरचं सगळ्यात उंच स्टेशन, जवळजवळ 1,900 मीटर. त्याच्यापुढे बोगदा आहे. मागच्या वेळी बोगद्याच्या अलीकडे इतकं धुकं होतं की शेजारचं झाडही दिसेना, खिडकीतून हात बाहेर काढला तर बाही ओली झाली, डब्यात सगळ्यांनी जॅकेटं चढवलेली. बोगदा संपला आणि एकदम लख्ख ऊन, खाली हिरवी दरी, डब्यातल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. ह्यासाठी सॅकमध्ये हाताशी फ्लीस आणि लेकीची टोपी, दोन्ही ठेवा. दारात बसून पाय बाहेर सोडलेले फोटो सगळे काढतात, तुम्ही मुलीला दारापाशी जाऊ देऊ नका, बोगद्यांच्या भिंती अगदी लागून जातात.

एल्लाचा नऊ कमानींचा पूल 1921 चा, दगडविटांचा, पोलाद न वापरता बांधलेला. खाली उतरायची वाट पावसात निसरडी होते, आईंना वरच्या बाजूच्या चहाच्या टपरीवर बसवा, तिथून पूल आणि गाडी दोन्ही दिसतात. आणि निघायच्या दोन दिवस आधी लाईन चालू आहे ना बघा, जोराच्या पावसानंतर दरड येऊन बंद पडते कधी कधी. पडली बंद तर गाडी आणि ड्रायव्हर आहेच.

हिंगजिरं

जेवणाचं माझ्याकडून. माझ्या आईबरोबर गेले होते म्हणून तुमची काळजी कळते.

चांगली बातमी अशी की श्रीलंकेत भात आणि भाज्या मागितल्या की समोर पाच-सहा वाट्या येतात: डाळ (परिप्पु म्हणतात, नारळाच्या दुधातली), फणसाच्या कोवळ्या फळाची पोलोस, बीट, फरसबी, वांगं, आणि गोटु कोळाची नारळ घातलेली पानांची कोशिंबीर. सकाळी इंदिआप्पा म्हणजे शेवयांच्या चकत्या आणि किरी होदी, नारळाच्या दुधाचं पिवळं पातळ कालवण. माझ्या आईला तर तिसऱ्या दिवशी हेच सगळं घरचं वाटायला लागलं.

पण नीट लक्ष ठेवायची गोष्ट आहे उंबलकड. हा वाळवलेल्या ट्यूना माशाचा चुरा, तो पोल सांबोलमध्ये म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीत हमखास असतो आणि कित्येकदा साध्या भाजीत, डाळीतही घालतात. नुसतं शाकाहारी म्हटलं की त्यांना वाटतं मटण-चिकन नको, चुरा चालतो. आम्हाला एका ठिकाणी असंच झालं, आईने दोन घास खाल्ल्यावर विचारलं तेव्हा कळलं, पुढे दिवसभर तिला चैन नव्हती. त्या माणसाला बिचाऱ्याला इतकं वाईट वाटलं की त्याने सगळं नवीन करून आणलं, पण आधी विचारलं असतं तर झालंच नसतं. तेव्हा जेवण सांगतानाच मांस नको, मासा नको, उंबलकड नको, अंडं नको असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि ड्रायव्हरकडून हे सिंहलीत आणि तमिळमध्ये कागदावर लिहून घ्या, आम्ही तो कागद नऊ दिवस वापरला. हॉपर म्हणजे त्यांचं आप्पम, ते सांगताना साधा हॉपर म्हणा, अंड्याचा वेगळा मिळतो. तमिळ चालवतात ती सैव हॉटेलं पूर्ण शाकाहारी असतात, कँडी-कोलंबोत आहेत, तिथे डोळे मिटून बसा.

गोडात म्हशीचं दही आणि कितुल माडाची काकवी, मातीच्या मडक्यातलं. दक्षिणेला जाताना रस्त्याच्या कडेला मडक्यांच्या रांगा दिसतील. तहानेला तंबिली, केशरी शहाळं, पोट बिघडलं तरी हेच प्या.

औषधं: आईंची रोजची औषधं दोन भागांत, दोन वेगवेगळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ओआरएस, तापाचं पॅरासिटामॉल, गुडघ्याचा पट्टा आणि तिचं नेहमीचं मलम. मलेरियाचं टेन्शन घेऊ नका, 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, आणि तो डास दिवसा चावतो, म्हणून क्रीम फक्त रात्री लावून उपयोग नाही, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी लावा, पायाचे घोटे विसरू नका. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं. ताप आला तर मनाने ब्रुफेन-ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

पायवाट22

परत आलो, यालाबद्दल राहिलं होतं. बिबट्यासाठी याला प्रसिद्ध आहे हे खरं पण जीपमध्ये चार-पाच तास खडखडाट आणि धूळ, आणि बिबट्या दिसला असं कळलं की वीस जीप एका झाडाखाली. लहान मूल आणि दुखरा गुडघा असताना मी उडवलवे घेईन. एल्लाहून दक्षिणेला जाताना वाटेतच पडतं, मोकळं गवताळ रान आहे, जंगली हत्ती वर्षभर दिसतात, दोन-अडीच तासांत बाहेर. जीपमध्ये नको असेल तर नुसतं शेजारचं हत्तींच्या पिल्लांचं केंद्र बघा, 1995 पासून आहे, आई गमावलेली पिल्लं तिथे वाढवून परत रानात सोडतात. ठरलेल्या वेळी दूध पाजतात, आपण लांबून कट्ट्यावर बसून बघायचं, हात लावू देत नाहीत आणि तेच मला आवडलं. पिल्लं ओळीने धावत येतात, आमचा लेक अजून त्यांच्याबद्दल बोलतो.

देवमाशांचं मला नक्की सांगता येणार नाही, सीझन मिरिस्साचा तुमच्याच वेळी आहे, नोव्हेंबर ते एप्रिल, निळा देवमासा दिसतो. पण सकाळी साडेसहाला निघालेली बोट चार-पाच तास खुल्या समुद्रात असते.

नीलमोहर

बोटीला माझा विरोध आहे, निदान लेकीसाठी. माझी भाची गोळी घेऊनसुद्धा पूर्ण वेळ पालथी पडून होती आणि बोट मधेच परत फिरवत नाहीत. नवऱ्याला जायचं असेल तर त्यांनी एकट्याने जावं, गोळी निघायच्या तासभर आधी, आणि बोटवाले देवमाशापासून अंतर ठेवतात ना हे विचारून. तुम्ही तिघी पोल्हेनाला.

चिंचोका

सगळ्यांचं वाचून काल रात्री नवऱ्याबरोबर बसून नवीन प्लॅन केला: नेगोंबो 1, सिगिरिया 2 (एक सकाळ खडक, दुसरा दिवस पोलोन्नारुवा, तो आईचा), कँडी 2, नानु ओयाहून ट्रेन आणि एल्ला 2, उडवलवेला पिल्लं बघून मिरिस्सा 2, त्यात एक संध्याकाळ गॉल. याला गेलं, त्याचं वाईट वाटलं पण हत्तींचं ऐकल्यापासून लेकीला बिबट्याची आठवणच नाहीये. बोटीला नवरा एकटा जाईल.

कडक सुटकेस परत माळ्यावर. दोन डफल झाल्या, एक डोंगराची पिशवी, एक किनाऱ्याची, एकूण वजन 40 वरून 26 किलोवर आलं. रिझर्व्हेशन उघडायची तारीख फ्रीजवर लिहून लावली आहे. आता एकच विचारते, कँडीच्या दोन रात्रींपैकी एक दिवस पौर्णिमेचा येतोय, पोया म्हणतात ना त्या दिवशी सगळं बंद असतं का? दलदा मालिगावाला, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात, त्या दिवशी आईला नेऊ की नको?

हिंगजिरं

सगळं बंद नसतं, सरकारी सुट्टी असते, दारू विकत नाहीत, मांसाची दुकानं बंद असतात, तुमच्या आईंना सोयीचंच आहे. पण दंतधातूच्या मंदिरात त्या दिवशी प्रचंड गर्दी असते, वरच्या मजल्यावर जायला जिना आहे आणि तिथे रेटारेटी होते. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला जा, ढोल सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा म्हणजे आईंना कठडा धरून सावकाश वर जाता येईल. दात दिसत नाही, सोन्याची मंजुषाच दिसते, तीही क्षणभर, हे त्यांना आधी सांगून ठेवा. बाहेर फुलवाल्या बसतात, निळी-जांभळी कमळं, पाकळ्या हाताने उलटून उमलवून देतात, आईंच्या हातात एक द्या.

आणि पोयाच्या दिवशी पेरादेणियाच्या बागेत जा, सगळं सपाट, मोठमोठी झाडं, बसायला भरपूर जागा. पांढरे कपडे घालून घराघरातली माणसं डबे घेऊन आलेली असतात. मोजे लागणार नाहीत, चपला चालतात.